भात लागला तर लागला

कोटिंग नसलेला, नुसत्या स्टीलच्या भांड्याचा राइस कुकर वापरते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "चिकटत नाही का गं भात?" चिकटतो की. खाली धग, मध्ये स्टील, आत पिठूळ पाण्यात शिजणारा तांदूळ. न चिकटायला झालंय काय? हे ऐकलं की विचारणारीच्या चेहऱ्यावर "मग घेतलास कशाला" असं स्पष्ट उमटतं, आणि त्याचं उत्तर काही दोन वाक्यांत संपत नाही.

आधी भीतीचं बघू, कारण स्टीलकडे वळणारे निम्मे लोक भीतीपोटी वळतात. काळं कोटिंग निघायला लागलं, भातात बारीक काळे कण दिसले, की घरात कुणीतरी "विष" हा शब्द काढतंच. आता हे कोटिंग म्हणजे पीटीएफई, ज्याला आपण सगळे टेफ्लॉन म्हणतो. ड्यूपाँ कंपनीतल्या रॉय प्लंकेट या रसायनतज्ज्ञाला ते १९३८ साली जवळजवळ योगायोगानेच सापडलं. फ्रिजसाठी नवा वायू शोधताना सिलिंडरमधला वायू गायब आणि आत पांढरी, बुळबुळीत पूड. हा पदार्थ इतका निर्विकार, की कशाशी रासायनिक नातं जोडायला तयार नसतो. चुकून पोटात गेलेला कण जसाच्या तसा बाहेर पडतो. तो बिघडायला लागतो २६० अंश सेल्सिअसच्या पुढे, आणि खरा विषारी धूर निघतो त्याहून बऱ्याच वर. रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरला तर तिथवर मजल जाऊ शकते. राइस कुकर मात्र शंभराच्या थोडा पुढे गेला की स्वतःच बंद होतो. तेव्हा "कुकरच्या कोटिंगचा धूर" ही भीती मला पटत नाही, आणि ती दाखवून स्टील विकणारे तर त्याहून पटत नाहीत.

पीएफओए या रसायनाची गोष्ट वेगळी आहे. कोटिंग बनवण्याच्या प्रक्रियेत ते अनेक दशकं वापरलं जात होतं. तयार भांड्यात ते जवळपास उरत नसे, पण कारखान्यांच्या आसपासच्या पाण्यात आणि माणसांच्या रक्तात ते उतरलं. २०१९ साली स्टॉकहोम कराराखाली, म्हणजे सहजी नष्ट न होणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली, त्यावर जगभर बंदीची पावलं पडली, आणि २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. कुणी या कारणासाठी कोटिंग नाकारत असेल तर त्यात तथ्य आहे. फक्त तो आक्षेप कारखान्यावर आहे, आपल्या ताटातल्या भातावर नाही, हे ठाऊक असलेलं बरं.

मला स्टील हवं होतं ते एका साध्या, थोड्या आळशी कारणासाठी. मला भांडं घासायचं होतं.

कोटिंगचं भांडं घरात आलं की त्याच्यासोबत नियमांची यादी येते. स्टीलचा डाव घालायचा नाही. तारेची घासणी नाही, काथ्या नाही, राख तर नाहीच. त्याच भांड्यात तांदूळ धुवायचे नाहीत, कारण दाणे घासले जातात. त्यावर दुसरं भांडं पालथं घालायचं नाही. नियम मी पाळत होते. घरातली बाकीची माणसं, पाहुणे, मदतीला येणारी मावशी, या सगळ्यांवर नजर ठेवणं मात्र मला जमत नव्हतं आणि करायचंही नव्हतं. आधीच्या कुकरच्या भांड्यावर, डाव जिथे फिरतो बरोबर तिथे, चंद्रकोरीसारखे ओरखडे उमटले होते. मग त्यातल्या एकाची कड उचलली गेली, तिच्याखाली ॲल्युमिनियम चमकायला लागलं, आणि त्या जागी भात दुप्पट चिकटायला लागला. वैताग याचा, की कुकर ठणठणीत होता. तापत होता, वेळेवर बंद होत होता. सुटं भांडं मागायला गेले तर ते मॉडेलच बंद झालेलं. म्हणजे केसाच्या जाडीहून पातळ अशा एका थरासाठी अख्खं चालू यंत्र मोडीत काढायचं. तेव्हाच ठरवलं, पुढचा कुकर असा घ्यायचा ज्याचं भांडं कुणीही, कशानेही, रागाने घासलं तरी चालेल.

स्टीलचं हे अंगचं वैशिष्ट्य आहे. भांड्यांच्या १८/८ स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. क्रोमियमचा हवेशी संबंध आला की पृष्ठभागावर त्याच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ, पारदर्शक थर धरतो, आणि तोच लोखंडाला गंजू देत नाही. गंमत म्हणजे तो थर खरवडून काढला तरी हवा लागताच पुन्हा धरतो. म्हणजे संरक्षक थर इथेही आहे. फक्त तो भांड्याच्या धातूतूनच येतो, वरून फासलेला नसतो.

आता चिकटण्याकडे वळू. त्यासाठी कुकर बंद कसा होतो हे एकदा समजून घ्यावं लागतं; मला तरी ते कळल्यावर अर्धी कटकट मिटली.

साध्या, एका बटणाच्या कुकरमध्ये घड्याळ नसतं. तापणाऱ्या प्लेटच्या मधोमध स्प्रिंगवर बसलेली एक गोल टिकली असते, ती भांड्याच्या बुडाला टेकते. तिच्या आत चुंबक आणि त्याला चिकटलेला खास फेराइटचा, म्हणजे चुंबकाकडे ओढल्या जाणाऱ्या एका लोहयुक्त पदार्थाचा, तुकडा. भांड्यात मोकळं पाणी आहे तोवर बुडाचं तापमान शंभर अंशांच्या आसपास अडून राहतं, कारण येणारी सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. तांदळाने पाणी पिऊन टाकलं की उष्णतेला काम उरत नाही आणि बूड झपाट्याने तापतं. शंभराच्या दोनचार अंश पुढे गेलं की फेराइटचं चुंबकत्व जातं, स्प्रिंग त्याला ओढून घेते आणि खटका टक्कन वर येतो. कुकरला भात शिजल्याचं कळत नाही. पाणी संपल्याचं कळतं.

पाणी संपण्यावरून भात ओळखायची युक्ती जपानमधली. तोशिबाने डिसेंबर १९५५ मध्ये आपोआप बंद होणारा पहिला विजेचा कुकर बाजारात आणला, तो योशितादा मिनामी यांच्या छोट्या कारखान्यात घडला होता, आणि त्याच्या चाचण्यांचा म्हणजे दिवसेंदिवस भात शिजवत तापमानं टिपत बसण्याचा भार त्यांच्या पत्नी फुमिको यांनी उचलला. त्यांनी काढलेली तोड अशी: भांड्यात भांडं ठेवायचं, बाहेरच्या भांड्यात मोजून थोडं पाणी घालायचं. ते पाणी उडून जायला साधारण वीस मिनिटं लागतात, तेवढ्यात आतला भात होतो, बाहेरचं तापमान चढतं आणि दोन धातूंची जोडपट्टी वाकून वीज तोडते. तैवानच्या ताटुंग कंपनीचा १९६० सालापासूनचा कुकर आजही याच पद्धतीने चालतो. यात आतल्या भांड्याला थेट प्लेट लागतच नाही, वाफ लागते. त्यामुळे ते साधं स्टीलचं असलं तरी भात फारसा धरत नाही. कोटिंगची गरजच पडू नये असा तोडगा आधीपासून होता, हे मला फार आवडतं. वेळ आणि वीज जास्त लागते म्हणून पुढे जगाने एकाच भांड्याचा, थेट तापणारा कुकर पसंत केला, आणि मग चिकटू नये म्हणून त्याला कोटिंग लावलं.

माझा कुकर थेट तापणाराच आहे, तेव्हा चिकटण्याचा प्रश्न माझ्या वाट्याला आलाच. स्टील उष्णता पसरवण्यात मठ्ठ आहे. ॲल्युमिनियम त्याच्या दहापटींहून जास्त वेगाने उष्णता वाहून नेतं. प्लेटच्या आत तापणारी नळी गोल फिरवलेली असते, आणि पातळ स्टीलच्या बुडावर ती नळी अक्षरशः छापली जाते. भात काढल्यावर तळाशी बदामी रंगाचं कडं दिसतं, मधला भाग मात्र पांढराच. खटका मधल्या टिकलीच्या हुकमाने चालतो, आणि तिथवर उष्णता पोचेपर्यंत कड्यावरची शितं लालसर होऊन गेलेली असतात. म्हणून स्टीलचा कुकर घ्यायचाच तर बूड जाड बघावं, शक्यतो मध्ये ॲल्युमिनियमचा थर दाबून बसवलेलं, ज्याला ट्रायप्लाय म्हणतात. हातात घेऊन वजन केलं तरी फरक कळतो.

पण बूड जाड असो की पातळ, खरी मदत होते ती वाट बघण्याची. खटका वर येतो त्या क्षणी झाकण उघडून डाव घातलात तर तळाचा पातळ थर भांड्यालाच राहणार, यात शंकाच नाही. त्या क्षणी तळातला स्टार्च कोरडा, ताणलेला असतो आणि धातूला घट्ट धरून बसलेला असतो. वीज बंद करून झाकण न उघडता दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवलं, की वरची वाफ खाली उतरते, भातातला ओलावा सगळीकडे सारखा होतो, तळाचा थर पुन्हा मऊ पडतो आणि भांड्याची पकड सोडतो. भात मुरू द्यायचा, बस. हे भाताच्या कुठल्याही भांड्याला लागू आहे; कोटिंगच्या भांड्यात ते न करताही निभावून जातं, एवढाच फरक.

पहिल्यांदा आई राहायला आली तेव्हा तिला हे काही केल्या पटेना. खटका पडला की तिचा हात झाकणाकडे.

"अगं आई, थांब जरा, मुरू दे."

"शिजला म्हणून बंद झाला ना तो? मग मुरायचं काय राहिलंय?"

"पाणी संपलं म्हणून बंद झालाय."

"एकच झालं."

एकच नाही, हे तिला मी समजावलं नाही. शेवटी भातानेच समजावलं. आता तीच बाकीच्यांना झाकणापासून लांब ठेवते.

तांदूळ धुणं हीदेखील इथे कामाची गोष्ट. दाण्यांवरचं पीठ पाण्यात सुटतं, उकळीला फेस आणतं, झाकणाच्या भोकातून उतू जातं आणि उरलेलं तळाशी बसून खळीचं काम करतं. दोन-तीन पाण्यांनी धुतलं, वीसेक मिनिटं भिजवलं, पाण्यात तेलाचे दोन थेंब टाकले की बराच फरक पडतो. आणि हो, तांदूळ त्याच भांड्यात धुता येतात. नियमांची यादी गेल्याचा हा पहिला फायदा.

पाण्याचं मात्र गणित थोडं विचित्र आहे आणि ते कुणी सांगत नाही. "तांदळाच्या दुप्पट पाणी" हा हिशेब कुकरला लागू होत नाही. पांढरा तांदूळ शिजताना ढोबळमानाने स्वतःच्या मापाएवढंच पाणी पितो. त्याच्यावर घालतो ते सगळं वाफेच्या खात्यात जातं. आणि वाफ किती जाणार हे तांदूळ किती यावर फारसं ठरत नाही, झाकण किती घट्ट आणि कुकर किती वेळ चालला यावर ठरतं. म्हणून चार वाट्यांना जे प्रमाण बरोबर येतं, ते एका वाटीला कमी पडतं. एकट्यापुरता भात लावला की स्टीलमध्ये हमखास खाली धरतो, तो यामुळे. अशा वेळी प्रमाण विसरून थोडं पाणी वाढवावं, किंवा सरळ दोन वेळचा भात एकदम लावावा.

माप म्हणाल तर कुकरसोबत येणारी वाटी बहुधा १८० मिलिलिटरची असते, हे जपानी गो या मापावरून आलंय. ती हरवली आणि २४० मिलिलिटरचा घरचा कप हाती आला की भांड्यावरच्या खुणा निरुपयोगी. तशाही स्टीलच्या भांड्यावर त्या खुणा दिसणं म्हणजे डोळ्यांची परीक्षाच. काळ्या कोटिंगवर पांढऱ्या रेघा छापलेल्या असतात. स्टीलवर त्या नुसत्या दाबून उमटवलेल्या, त्यात भांडं चकचकीत, त्यात पाणी. भांडं खिडकीकडे तिरपं करून, एक डोळा मिटून मी किती पाहिलंय ते घरातले सांगतील. शेवटी बोटाच्या पेरावर आले. तांदळाच्या वर एक पेर पाणी, हे माप कुठल्याही कंपनीला छापावं लागत नाही.

आणखी एक बारीकशी गोष्ट, पण सगळ्यात महत्त्वाची. भांडं कुकरमध्ये ठेवण्याआधी त्याचं बूड बाहेरून कोरडं पुसायचं आणि प्लेटवर हात फिरवून बघायचं. तिथे वाळलेलं एखादं शीत पडलेलं असतं. दिसायला क्षुल्लक, पण त्याच्यावर भांडं बसलं की एका बाजूने उचललं जातं, प्लेट आणि बूड यांत फट राहते, टिकली नीट टेकत नाही. मग एकीकडे भात कच्चा, दुसरीकडे करपलेला. शितावरून भाताची परीक्षा करतात म्हणे. आमच्याकडे एका शिताने अख्ख्या भाताचा निकाल लावलेला आहे.

भांड्याच्या आत कालांतराने निळसर-जांभळी, इंद्रधनुषी झाक येते. ती बघून घाबरून जायचं कारण नाही, उष्णतेने ऑक्साइडचा थर जरा जाड होतो आणि त्यातून प्रकाश वेगळा परततो. पांढरे ठिपके दिसतात ते जड पाण्यातले क्षार. दोन्ही व्हिनेगर किंवा लिंबाने पुसले जातात. मी बहुतेक वेळा पुसत नाही. जपायचं ते मिठाला. थंड पाण्यात मीठ टाकून ते तळाशी न विरघळता पडून राहिलं तर स्टीलवर सुईच्या टोकाएवढे खड्डे पडू शकतात, आणि ते घासून जात नाहीत. मीठ टाकायचंच तर ढवळून विरघळवायचं.

आणि लागलेल्या भाताचं? भात काढून झाला की भांड्यात तळ बुडेल इतकं पाणी घालून ठेवायचं. अर्ध्या तासाने बघितलं तर तळाचा तो थर पाण्यात फुगून, कडेने सुटलेला असतो. नखाने एक टोक उचललं की दुधाळ रंगाचा, आरपार दिसणारा पापुद्रा गोल अख्खा निघून हातात येतो, त्यावर एकेका दाण्याचा ठसा असतो. कधीकधी तो अख्खा काढायचा नाद लागतो आणि मध्येच फाटला की उगाच वाईट वाटतं.

घ्यायच्या आधी खोक्यावरची अक्षरं नीट वाचावीत. "टेफ्लॉन नाही" म्हणजे "कोटिंग नाही" असं होत नाही. बऱ्याचदा आत सिरॅमिक कोटिंग असतं. ते सिलिकाचं असतं, पीटीएफई नसतं हे खरं, पण थर तो थरच, आणि झिजण्यात बऱ्याचदा टेफ्लॉनच्याही पुढे. दुसरी फसगत बाहेरच्या अंगाची. बाहेरून चकाकतं स्टील आणि आतलं भांडं काळं, असेही कुकर "स्टेनलेस स्टील राइस कुकर" म्हणूनच विकले जातात. आतलं झाकणही उघडून बघावं, वाफ त्यालाच लागून परत भातावर ठिबकते. इंडक्शनवर चालणारा कुकर असेल तर भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटायला हवा. साध्या प्लेटच्या कुकरला ती अट नाही, त्यातलं चुंबक टिकलीच्या आत आपलं आपण काम करतं.

ज्या घरात भात सकाळी लावून रात्रीपर्यंत "वॉर्म"वर ठेवायची सवय आहे, त्यांना मात्र मी हा कुकर घ्या असं म्हणत नाही. कोटिंगच्या भांड्यात तसा भात निदान सुटून तरी येतो. स्टीलमध्ये तळ वाळत जातो, पिवळा पडतो आणि शेवटी कडक होतो. मी मुरायला ठेवते तेव्हाच बटण बंद करून टाकते. त्याचा अर्थ असा, की मग भात नुसता ओट्यावर पडू द्यायचा नाही. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू तांदळात असतात, ते उकळूनही मरत नाहीत, आणि कोमट भातात आरामात वाढतात. त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम केल्याने जाईलच असं नाही. भात एकतर ६० अंशांच्या वर गरम हवा, नाहीतर लवकर गार करून फ्रिजमध्ये. म्हणून जेवणं आटोपली की उरलेला भात मी ताटात पसरते, गार झाला की डब्यात भरून फ्रिजमध्ये टाकते, आणि भांडं पाणी घालून सिंकमध्ये ठेवते. घासायची पाळी ज्याची असेल तो कधी कुरकुरत येतो, आज जरा जास्तच लागलाय म्हणून. मी त्याच्या हातात तारेची घासणी देते.